ठराव लिहिताना

गावदेवीच्या मागचा हॉल,
पंखे चालू, माईक बंद,
आणि अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे.
ठराव एक : हळदीला दारू नको.
ठराव दोन : डीजे रात्री दहाला बंद.
तिसऱ्यावर अजून भांडण चाललंय.

पद्मन तात्या म्हणतात, लिही पोरी,
आपणच आपल्याला बुडवलं.
सिडकोनं पैसे दिले, प्या म्हणून नव्हते दिले.
हॉलभर माना हलतात.
मी लिहिते. 'आपणच'खाली रेघ ओढते.

मागच्या खुर्चीवरून हितेश उठतो,
साडेबारा टक्क्यांची फाईल
तेरा वर्षं बगलेत घेऊन फिरलेला.
मिठागर गेलं तेव्हा आज्याला कुणी विचारलं का,
उद्या सकाळी उठून तू काय करशील?
चाळिशीचा गडी, हातात फावडं,
फावड्याखाली जमीन नाय.
त्याला बँकेचं पुस्तक दिलं,
वाचायला कुणी शिकवलं?
तेही लिही.

तेही लिहिते.
दोघांचं म्हणणं एका पानावर मावतं.
दोघे एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

जयेंद्रच्या हळदीला बर्फ मी आणला होता.
हे वहीत नाही.
रबाळ्याच्या कारखान्यातून, टेम्पोत, बारा लाद्या,
भुशात गुंडाळलेल्या.
बाटल्यांचे क्रेट मोजले तेही मीच,
घरात हिशोबाला पक्की मी एकटीच.
एकशे चाळीस.
यशोदा आत्या धवलारीन.
तिनं धवला म्हणायला तोंड उघडलं
आणि स्पीकरची भिंत सुरू झाली.
ती तशीच बसून राहिली, ताट मांडीवर,
ओठ हलत होते.
मी पाहिलं.
आणि नाचायला गेले.

प्लॉट विकायचा म्हणून हक्कसोडपत्र केलं.
साहेबानं विचारलं, राजीखुशीनं ना?
मी हो म्हटलं.
भावानं स्कूटी घेऊन दिली, निळी.
अजून चालते.

चौतिसाव्या वर्षी त्याचे डोळे
हळद लावल्यासारखे झाले.
वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून पितात?
मी बोटं मोजू लागले.
कुठून धरायचं?
बाबांच्या हातात नोटीस आली तिथून,
की त्या बारा लाद्यांपासून?
त्यांना फॉर्ममध्ये एक आकडा हवा होता.
दहा वर्षं, मी म्हटलं.

आई सांगायची, खाजणाला खांड पडली
की आजा थाळी बडवत गावभर पळायचा.
घरटी एक माणूस, पेंढा, चिखल, कंदील.
खेकड्यांनी बांध पोखरला,
की भरतीच तेवढी होती,
की ज्याची पाळी तो उघाडी न बघता झोपला,
ते सगळं सकाळी.
सकाळी डोकीसुद्धा फुटायची.
पण रात्री आधी चिखल.
मी ते खाजण पाहिलेलं नाही.
त्याच्यावरच्या मॉलमध्ये
सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला शिकले,
जयेंद्रचा हात धरून.

ठराव मंजूर. हात वर.
पद्मन तात्यांच्या नातवाची हळद वीस तारखेला,
नाक्यावर बॅनर लागलेत.
पुढच्या महिन्यापासून लागू, असं लिही, ते म्हणतात.
कुणी हसत नाही.
हितेश म्हणतो, आधी आमच्या फायलीचं लिही.
दोन्ही लिहिते.

अनुमोदक कोण? सगळे चपला शोधू लागतात.
मी माझंच नाव घालते
आणि त्याच्याखाली, विषयपत्रिकेत नसलेली ओळ :
बर्फ मी आणला होता.

तात्या चष्मा चढवून वाचतात.
हे काय गो? खोड.
मी पेनाला टोपण लावते.

दारापाशी यशोदा आत्या बसलेली,
तिला आता एकाच कानानं ऐकू येतं.
काय लिवलंस गो? ती विचारते,
वाच जरा मोठ्यानं.